नव्या गाडीमालकाला समजेल असं कसं सांगावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली गाडी घेतलेला माणूस अडला की कंपनीच्या हेल्पलाइनला नंतर फोन करतो, आधी ओळखीतल्या 'गाडीतलं कळणाऱ्याला' करतो. हे प्रश्न त्या कळणाऱ्यांसाठी आहेत. तुमचं ज्ञान पक्कं असेल, पण तुमचं वाक्य ऐकून समोरचा नेमकं काय करेल, याचा विचार सहसा होत नाही. खाली ज्या शब्दांवरून खरोखर घोळ होतात तेवढेच घेतले आहेत.

इतकं जपून बोलायची गरज काय? गाडी चालवता चालवता कळतंच की.

कळतं, पण तोवर खिशाला चाट बसते. आपण 'तेल', 'पाणी', 'गॅस', 'लाइट' असे शब्द सहज टाकतो, कारण बॉनेट उघडल्यावर कोणती टाकी कुठली हे आपल्याला दिसतं. नवख्याला तिथे काळ्या प्लास्टिकची झाकणं दिसतात. म्हणून एक साधी सवय लावून घ्या: वस्तूचं नाव सांगितलं की ती कुठे आहे आणि तिच्यावर काय लिहिलंय किंवा कोणतं चित्र आहे, हेही त्याच दमात सांगायचं. शक्य असेल तिथे आकडा द्यायचा. बाकीची उत्तरं याच सवयीची उदाहरणं आहेत.

'निघायच्या आधी पाणी बघून घे' यात न समजण्यासारखं काय आहे?

बॉनेटखाली 'पाणी' किमान दोन ठिकाणी असतं, काही गाड्यांत तीन.

पहिलं वायपरचं. झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं. यात स्वच्छ पाणी चालतं, थोडं जास्त-कमी झालं तरी काही बिघडत नाही.

दुसरं रेडिएटरचं, म्हणजे कूलंट. अर्धपारदर्शक टाकी, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा, आत हिरवा, गुलाबी, निळा असा काहीतरी रंग. इथे 'पाणी' म्हटलं की माणूस नळाचं पाणी ओततो. नळाच्या पाण्यातले क्षार आत साठतात आणि कूलंटमधलं गंजरोधक पातळ होतं. रस्त्यात अडचणीला साधं पाणी घालून गॅरेज गाठणं वेगळं आणि दर महिन्याला नळाखाली बाटली धरणं वेगळं, हा फरक बोलून दाखवावा लागतो. 'हिरवं कूलंट घाल' असंही सांगू नका. रंग हा नुसता घातलेला रंग असतो, दोन कंपन्यांचं हिरवं एकच असेल असं नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार सांगा. बाजारात ते दोन प्रकारे मिळतं, थेट ओतायचं आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळून घ्यायचं, हेही आठवणीने सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'इंजिन गरम असताना हे झाकण उघडायचं नाही' हे असतं, तेच नेमकं राहून जातं. आत दाब असतो, उकळतं पाणी अंगावर येतं. जुन्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचत नाही.

तिसरं बॅटरीचं. इथे फक्त डिस्टिल्ड वॉटर. पण आता बऱ्याच गाड्यांत सीलबंद बॅटरी येते, तिला पाणी घालायचं झाकणच नसतं. 'बॅटरीचं पाणी चेक केलं का?' असं विचारल्यावर बिचारा ती झाकणं शोधत बसतो, काही वेळा स्क्रूड्रायव्हर घेऊन.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी असेल तर आणखी एक प्रकरण निघू शकतं. पंपावर ज्याला 'युरिया' म्हणतात ते, धूर स्वच्छ करण्यासाठीचं द्रव. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. त्याचं झाकण सहसा निळं असतं आणि बऱ्याच गाड्यांत ते डिझेलच्या झाकणाशेजारीच असतं. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर पंप, इंजेक्टर असं महागडं काम निघतं. म्हणून 'युरिया टाकून घे' एवढ्यावर थांबू नका, 'निळ्या झाकणात' हे शब्द जोडाच.

आणि ऑइल? ते तर एकच असतं ना?

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल. जुन्या गाडीत पॉवर स्टीअरिंगचंही. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टीअरिंगला मदत विजेची मोटर करते, तिथे तेलाचा प्रश्नच नाही.

यातलं ब्रेक ऑइल सगळ्यात फसवं. दुकानात, गॅरेजात सगळे त्याला ऑइल म्हणतात, डबीवर मात्र ब्रेक फ्लुइड, डॉट ३ किंवा डॉट ४ असं छापलेलं असतं. ते इंजिन ऑइलच्या जातीचं नाही. इंजिन ऑइल ब्रेकच्या टाकीत गेलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि अख्खी ब्रेक यंत्रणा उघडावी लागते. 'ऑइल कमी झालंय, टाक' हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत तर अर्धवटही आहे. ब्रेक पॅड झिजत जातात तशी टाकीतली पातळी आपोआप थोडी खाली येते. नवख्याला सांगायचं ते असं: 'पातळी उतरलेली दिसली तर आधी पॅड बघून घ्या, गळती बघून घ्या, मग भरा.' शिवाय हे द्रव हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलतात. आणि रंगावर सांडलं तर रंग उतरतो.

इंजिन ऑइलसाठी दुकानदाराचं 'चांगलंवालं' नको, ग्रेड सांगा. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' थंडीसाठी, पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा गरम इंजिनातल्या जाडीचा. नवख्याला याहून जास्त माहिती लागत नाही. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय तर तेच घ्या, 'आपल्याकडे ऊन फार, जाड तेल टाक' हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला आहे.

'टॉप-अप' आणि 'चेंज' हे शब्द वेगळे करून सांगा. टॉप-अप म्हणजे आहे त्यात भर, चेंज म्हणजे जुनं काढून नवं, सोबत फिल्टरही. नवखे लोक टॉप-अपचं बिल दाखवून 'ऑइल बदललं' म्हणताना दिसतात.

'गॅस भरून घ्यायचाय' असा निरोप आला तर?

उलट विचारा: सीएनजी की एसीचा? एसीचा असेल तर पुढचं वाक्य तयार ठेवा. एसीचं सर्किट बंदिस्त असतं, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधायला सांगा.

'डॅशबोर्डवर लाइट लागली' असा फोन आल्यावर काय विचारायचं?

रंग. चित्र नंतर.

लाल असेल तर गाडी बाजूला घ्यायला सांगा, मग चित्राचं बोला. तेलाची किटली आणि तिच्यातून पडणारा थेंब, हा लाल दिवा धावत्या गाडीत लागला तर इंजिन लगेच बंद. इथे शब्दाचा सापळा आहे: आपण त्याला 'ऑइलची लाइट' म्हणतो, त्यामुळे समोरच्याला वाटतं तेल थोडं कमी आहे, घरी जाऊन टाकू. तो दिवा तेलाच्या दाबाचा आहे. दाब नाही म्हणजे धातूवर धातू घासतोय, आणि 'घरी जाऊन' करण्यासारखं मग फार काही उरत नाही. म्हणून 'ऑइल प्रेशरचा दिवा' असंच म्हणा, शब्द एकच वाढतो.

लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन तापलं. निळा थर्मामीटर म्हणजे इंजिन अजून गार आहे, काही गाड्यांत थंडीच्या सकाळी दिसतो, काळजी नको. लाल बॅटरी म्हणजे चार्जिंग होत नाही. बॅटरी खराब झाली असं त्यातून निघत नाही, बेल्ट किंवा अल्टरनेटरही (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) असू शकतो. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह म्हणजे आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघा, नंतर ब्रेक फ्लुइडची पातळी.

पिवळ्या इंजिनाचं चित्र स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तेच लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे आत इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो तापतोय. वेग कमी करून थांबायला सांगा. स्कॅनर लावून 'पी०३०० कोड आलाय' असं कुणी म्हणत असेल तर तो आकडा तसाच पुढे ढकलू नका. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय एवढंच तो सांगतो. कारण प्लग, कॉइल, इंधन यांपैकी काहीही असू शकतं.

चावी फिरवल्याबरोबर सगळे दिवे एकदम लागून विझतात, ती तपासणी असते. पहिल्या आठवड्यातले निम्मे घाबरलेले फोन याच दिव्यांचे असतात, म्हणून गाडी हातात देतानाच हे सांगून टाका.

'गाडी स्टार्ट होत नाही' यावरून काही कळतं का?

फारसं नाही. पण दोन प्रश्नांत बरंच कळतं. 'सेल्फ मारल्यावर आवाज कसला येतो?' हा पहिला. मात्र 'सेल्फ' हा शब्द नवख्याला माहीत असेलच असं नाही. बटन दाबून गाडी सुरू करणाऱ्या पिढीला तर नाहीच. 'चावी पूर्ण फिरवल्यावर किंवा ब्रेक दाबून बटन दाबल्यावर' असं म्हणा. दुसरा प्रश्न: 'हेडलाइट लावा, उजेड नेहमीसारखा आहे का?'

काहीच आवाज नाही आणि दिवेही मंद किंवा बंद: बॅटरी, किंवा तिचे टर्मिनल सैल. टकटकटक आवाज येतो, इंजिन फिरत नाही: बॅटरीत दम नाही. एकच टक आणि दिवे लख्ख: स्टार्टर मोटर बघावी लागेल. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही: इंधन किंवा स्पार्क. डॅशबोर्डवर चावी किंवा कुलूप लुकलुकतंय: गाडी चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावून बघा. आणि बटनाच्या गाडीत, ब्रेक पेडल खरंच दाबलंय ना? ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पी किंवा एन वर आहे ना? हे विचारायला संकोचू नका, फक्त 'एवढंही माहीत नाही का' या सुरात विचारू नका.

एक अपवाद मोठ्याने सांगायचा. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली असेल तर पुन्हा सुरू करून बघायची नाही, अजिबात. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 'हायड्रोलॉक होईल' असं म्हणून भागत नाही, 'बटनाला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा, टो करून न्या' असं म्हणायचं.

आवाजाचं वर्णन करायला तांत्रिक शब्द शिकवावेत का?

मुळीच नाहीत. आवाजाच्या बाबतीत मराठी इतकी श्रीमंत आहे की तांत्रिक शब्दांनी उलट माहिती कमी होते. ब्रेक मारल्यावर 'चीं' आणि ब्रेक मारल्यावर 'खर्र' यात काही हजार रुपयांचा फरक असू शकतो. पहिल्यात धूळ, ओलावा किंवा पॅड संपत आल्याची खूण, दुसऱ्यात पॅड संपून लोखंड डिस्कवर घासतंय. खड्ड्यात 'खट' एकदाच होतं की 'खडखड' होत राहतं? वळताना 'कट कट कट' येतं का, आणि कोणत्या बाजूला वळताना? सकाळी पहिल्यांदा सुरू करताना 'चुईं' येऊन थांबतं का? त्यावरून बेल्टकडे बघायचं सुचतं.

त्यांनी आवाज तोंडाने काढून दाखवला तर हसू नका, जमलं तर रेकॉर्ड करायला सांगा. तुम्ही विचारायचं ते इतकंच: केव्हा, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूने, इंजिन गार असताना की गरम. 'सस्पेन्शनचं काम निघालंय' हे निदान नवख्याच्या तोंडी घातलंत की गॅरेजवाला तेच ऐकतो आणि लिंक रॉडसारख्या छोट्या भागाच्या जागी शॉकअप बदलले जातात.

'गाडी ओढते' आणि 'गाडी ओढत नाही'?

दोन्ही तक्रारी, आणि दोन्ही वेगळ्या. पहिलीत गाडी एका बाजूला जाते, दुसरीत चढाला ताकद नसते. फोनवर घाईत ऐकताना चुकतं, म्हणून 'डावीकडे ओढते का?' असा प्रतिप्रश्न करा.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग लोक एका श्वासात म्हणतात. वेगळं करून सांगायला हवं का?

हवंच, कारण बिलात दोन्ही असतात आणि गरज कधी एकाचीच असते. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी बाजूला जाते किंवा टायर एका कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाच्या वजनाचा तोल, त्यासाठी रिमला छोटी वजनं चिकटवतात. तो बिघडला की ठरावीक वेगाला, बहुधा ८० ते १००च्या दरम्यान, स्टीअरिंग थरथरतं. तिसरा शब्द रोटेशन: पुढची चाकं मागे, मागची पुढे.

टायरवरचे आकडेही एकदा वाचून दाखवा, आयुष्यभर उपयोगी पडतात. १८५/६५ आर१५ ८८एच: रुंदी १८५ मिलिमीटर, टायरची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. आणि बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का शोधा, उदाहरणार्थ २३२३, म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. 'नवीन टायर' म्हणून विकत घेताना हा शिक्का बघायचा. दुकानातला नवीन आणि कारखान्यातला नवीन यात कधी कधी दोन पावसाळे गेलेले असतात.

हवा किती ठेवायची सांगू? मी सगळ्यांना ३० सांगतो.

आकडा तुमच्या डोक्यातला देऊ नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, तिथला आकडा वाचायला सांगा. पुढचे, मागचे आणि पूर्ण भाराचे आकडे वेगळे असू शकतात. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, शिफारशीचा नाही. नवखे तोच भरतात, कारण तो सहज सापडतो. हवा टायर गार असताना तपासायची. महामार्गावर दोन तास धावल्यावर दाब चढलेला दिसतो, तो कमी करायला लागायचं नाही. नायट्रोजनबद्दल विचारलं तर साध्या हवेत आधीच ७८ टक्के नायट्रोजन असतो एवढं सांगून विषय संपवा.

'ऑटोमॅटिक घे' एवढं सांगून भागत नाही का?

नाही, कारण चार वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलंय. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर तो सामान्य बजेटमध्ये आला. स्वस्त, एव्हरेज चांगलं, पण गिअर बदलताना हलका झटका आणि चढावर थांबल्यावर मागे सरकण्याची शक्यता, त्यामुळे हिल-होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर हँडब्रेक शिकवावा लागतो. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, गिअरचं प्रमाण सलग बदलत जातं. डीसीटीत दोन क्लच, बदल झटपट, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये ड्राय क्लचचे (तेलात न बुडवलेल्या क्लचचे) प्रकार तापू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, हा जुना, मुरलेला प्रकार.

त्यात कंपन्यांची स्वतःची नावं: मारुतीचं एजीएस म्हणजे एएमटी, ह्युंदाईचं आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी, फोक्सवॅगनचं डीएसजी म्हणजे डीसीटी. आणि ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूत आणलेल्या आयएमटीत क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचे. सेकंडहँड बाजारात तिची जाहिरात 'क्लचलेस' अशी दिसते आणि घेणारा ऑटोमॅटिक समजून बसतो.

हायब्रिडचंही तसंच. माइल्ड हायब्रिड गाडी नुसत्या विजेवर चालत नाही, इंजिनाला थोडा हात देते. इनोव्हा हायक्रॉस किंवा सिटी ई:एचईव्हीसारखी स्ट्राँग हायब्रिड काही अंतर विजेवर जाते. 'हायब्रिड आहे' ऐकून चार्जिंगचा प्लग शोधणारे भेटतील. दोन्हींत तो नसतो.

एव्हरेज विचारलं तर आकडा सांगावा का?

कुठला, हे जोडून. जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या क्रमाने मोजलेला असतो. सिंहगड रोडच्या संध्याकाळशी त्याचा संबंध नाही. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा उदार असतो. खरा आकडा टाकी ते टाकी: पूर्ण भरायची, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण. ५४० किमीला ३६ लिटर लागले तर १५. तुमचा आकडा देताना शहर की महामार्ग, एसी चालू की बंद, हे सांगितलं नाही तर समोरचा आपल्या गाडीत खोट आहे असं धरून सर्व्हिस सेंटरशी भांडतो.

'फुल इन्शुरन्स आहे ना, मग टेन्शन नाही.' हे बरोबर आहे?

'फुल इन्शुरन्स' नावाची पॉलिसी नसते. हा शब्द आपल्या बोलण्यातून कायमचा काढून टाकावा असं माझं मत आहे.

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, आणि मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तो विमा सक्तीचा. ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. दोन्ही एकत्र म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, लोक यालाच फुल म्हणतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुधा एक वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षं दिसतात, माणूस निर्धास्त होतो, आणि दुसऱ्या वर्षी बंपर फुटल्यावर कळतं की स्वतःच्या गाडीचा विमा संपलाय. नव्या मालकाला दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवायला सांगा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह असूनही क्लेममध्ये घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३०, काचेवर शून्य, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. हल्लीच्या बंपरमध्ये प्लास्टिकच जास्त, त्यामुळे निम्मे पैसे खिशातून जातात. ही कपात टाळायची तर 'झिरो डेप' हे जोडकलम घ्यायचं. एजंट त्याला 'बंपर टू बंपर' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळंच आलं. आलेलं नसतं. सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००) तशीच भरावी लागते. नट-बोल्ट, ऑइल, कूलंट यांसाठी वेगळं कलम, आणि पाण्यात इंजिन बसलं तर 'इंजिन प्रोटेक्ट' हे आणखी वेगळं. मुंबई, कोल्हापूर, चिपळूण इथल्या माणसाला हे शेवटचं नावानिशी सांगा.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. एक ते दोन वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीतून २० टक्के वजा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. ऑन-रोड किमतीतला रोड टॅक्स त्यात धरत नाहीत. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणलेली कोटेशनं येतात, तेव्हा नवख्याला हप्त्याच्या आधी तो आकडा वाचायला शिकवा. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट (नो क्लेम बोनस), गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो तुमच्याबरोबर पुढच्या गाडीला येतो.

'पासिंग झालं का?' 'एनओसी आली का?'

दोन्ही शब्द संदर्भाशिवाय निरुपयोगी. नव्या गाडीला पासिंग म्हणजे नोंदणी होऊन नंबर मिळणं. 'एमएच-१२ पासिंग' म्हणजे पुण्याची नोंदणी. टॅक्सी-टेम्पोवाल्यांच्या तोंडी पासिंग म्हणजे फिटनेस तपासणी. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर नूतनीकरणाला जी तपासणी होते तिलाही पासिंगच म्हणतात.

एनओसी बँकेची असते, कर्ज फिटल्याची, आणि आरटीओची असते, गाडी दुसऱ्या नोंदणी कार्यालयाकडे न्यायची म्हणून, फॉर्म २८ वर. बँकेची एनओसी हातात आली म्हणजे आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) कर्जाचा बोजा उतरला असं नाही, त्यासाठी फॉर्म ३५ भरावा लागतो. ते न करता वर्षानुवर्षं कागद कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत, गाडी विकायला काढली की धावपळ होते. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सही केली म्हणजे 'गाडी नावावरून गेली' असंही म्हणू नका. नोंदणीत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. अपघाताच्या भरपाईत नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

घाटासाठी काय सांगायचं? 'इंजिन ब्रेकिंग कर' हे कळत नाही म्हणतात.

कळणार नाहीच, ऐकून ते वेगळं पेडल वाटतं. सांगा: 'ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, इंजिनच गाडीला धरून ठेवेल.' न्यूट्रलमध्ये उतरू नका, आंबेनळीसारख्या घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापून पकड सुटते. ऑटोमॅटिकवाल्याला एल (लो गिअर) किंवा एम (मॅन्युअल) कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. एबीएसबद्दलही (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) इथेच सांगून टाका: जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थडथडलं तर पाय उचलायचा नाही, दाबून ठेवायचा.

शुद्ध मराठी शब्द वापरावेत का?

ज्याने स्टीअरिंगला सुकाणू म्हटलं त्याला गॅरेजात काही मिळणार नाही. दुकानातला शब्द आणि मॅन्युअलमधला शब्द, दोन्ही एकदा सांगा: डायनामो म्हणजे अल्टरनेटर, शॉकअप म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर, डिकी म्हणजे बूट, स्टेपनी म्हणजे स्पेअर व्हील. पहिला फोरमनशी बोलायला, दुसरा बिल वाचायला.

कुणी चुकीचा शब्द वापरला तर टोकावं का?

त्यामुळे चुकीचं काम होणार असेल तरच, आणि उत्तर दिल्यानंतर. क्लचला 'डावा ब्रेक' म्हणणाऱ्या मुलाची गाडी घाटात उभी असताना व्याकरण नको. आणखी एक: प्रश्न ताईंनी विचारला असेल तर उत्तर त्यांनाच द्या. 'साहेबांना फोन द्या' म्हणणारे अजून आहेत. गाडी ज्या चालवतात, डॅशबोर्ड त्यांच्यासमोर असतो.

परदेशात पहिली गाडी घेतलेल्या नातेवाइकांना सांगताना?

आपले स्टेपनी-डिकी तिकडे चालत नाहीत. ब्रिटनमध्ये बॉनेट आणि बूट, अमेरिकेत हूड आणि ट्रंक. अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल. खरा धोका पंपावर: ब्रिटनमध्ये हिरवा नोझल पेट्रोलचा आणि काळा डिझेलचा, अमेरिकेत मात्र हिरवा नोझल बहुधा डिझेलचा. म्हणून 'हिरवा घे' असं कधीच सांगू नका, नोझलवरची अक्षरं वाचायला सांगा, आणि चुकीचं भरलं गेलं तर गाडी सुरू न करता तिथल्या माणसाला बोलवायला सांगा. एव्हरेजची तुलना करताना गॅलन कुठला ते विचारा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा, त्यामुळे गॅलनला ३० मैलांचं एव्हरेज अमेरिकेत लिटरला पावणेतेरा किमी होतं आणि ब्रिटनमध्ये साडेदहाच्या आसपास. युरोपात उलटा हिशेब, १०० किमीला किती लिटर: ६ म्हणजे आपले साडेसोळा-सतरा. टायरमधली हवा तिथे बारमध्ये मोजतात, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा स्टिकरवर २.३ दिसलं तर ते आपलं ३३ आहे.